फॉरमॅट मारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला. तेव्हापासून माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून द्या.’ संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. मी आधी विचारतो, यातले काय काय तुम्हाला उद्याही लागणार आहे? ‘फोटो आणि वर्डच्या फाइली’ हे उत्तर ठरलेले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मात्र क्वचितच कोणाला आठवतो. तो बऱ्याचदा डॉक्युमेंट्समध्ये नसतोच. सी ड्राइव्हवर त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. बॅकअप डॉक्युमेंट्सचा घेतला आणि सी फॉरमॅट केला, की वर्षानुवर्षांचे हिशेब गेले. आपण टाकलेले फॉण्ट आणि सीडी हरवलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हरही त्यातच जातो.

विंडोज १० नीट चालत असेल आणि यंत्र पात्र असेल (टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही यंत्र सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर), तर अपग्रेडच (फॉरमॅट न करता जुन्यावरच नवे चढवणे) करावे, असे माझे ठाम मत आहे. अर्थात बॅकअप घेऊनच. सेटअप चालू विंडोजमधूनच सुरू करायचा. काय ठेवायचे, असे विचारणाऱ्या स्क्रीनवर तीन पर्याय येतात : फाइली आणि अ‍ॅप दोन्ही, फक्त फाइली, किंवा काहीच नाही. इथे दोन मिनिटे थांबून वाचा. फक्त फाइली निवडल्या तर हिशेबाचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे लागते. अपग्रेडनंतर काही बिनसले तर साधारणपणे १० दिवसांत मागे फिरता येते, कारण जुने विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये असते. जागा मोकळी करण्याच्या नादात ते उडवू नका.

कोऱ्या इन्स्टॉलेशनलाही (सगळे पुसून विंडोज नव्याने टाकण्यालाही) जागा आहेच. व्हायरस खोल शिरलेला असेल, यंत्र दुसऱ्याला द्यायचे असेल, तर तेच योग्य. जुने विंडोज ३२ बिटचे असेल तर दुसरा मार्गच नाही. ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते. मात्र पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या सेटअपमध्ये सी, डी ही ओळखीची अक्षरे दिसत नाहीत. ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ (पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक भाग) अशा ओळी आणि त्यांपुढे आकार, एवढ्यावरून निवड करायची असते. म्हणून आकार आधीच कागदावर लिहून घ्यावेत आणि बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवावी. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी कीही जवळ हवी.

यंत्र विंडोज ११साठी अपात्र ठरले, तरी ते भंगारात काढू नये. लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी प्रणाली पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवता येते. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासून मगच निर्णय घेता येतो. दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवायच्या असतील तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप (यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणूनची सोय) आधी बंद करावे. नाहीतर विंडोजचे पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्समधून त्यावर लिहिणे धोक्याचे ठरते.

आपल्या वृत्तपत्राच्या संगणकविषयक सदरात या दोन स्क्रीनची (काय ठेवायचे हे विचारणारी आणि पार्टिशन निवडण्याची) छायाचित्रे खुणांसह छापावीत, ही विनंती.

आपला,
एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ