तांबट आळीची हातोडी आणि जपानचे त्सुबामे

महोदय,

जपानी उद्योगांचा विषय निघाला की पुण्यात ‘कायझेन’ (कामात सतत छोट्या सुधारणा) आणि ‘फाइव्ह एस’ (कामाच्या जागेची शिस्त व टापटीप) हे शब्द हमखास कानी पडतात. भोसरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी तीस वर्षे काढली. तेथे कायझेनचा फलक इतका सुबक रंगवला होता, की त्यावर सूचना लिहून तो खराब करण्याचे धाडस वर्षभर कोणाला झाले नाही. फलक आपण आणले, पण त्यामागची कारागिरी पाहायची राहून गेली.

निइगाता प्रांतातील त्सुबामे या गावाचे उदाहरण घ्या. नदीच्या पुरांनी गांजलेले तेथील शेतकरी सतराव्या शतकात जोडधंदा म्हणून खिळे घडवू लागले. पुढे तांब्याचा पत्रा ठोकून किटल्या घडवण्याची विद्या तेथे आली. आणि यंत्रावरच्या परदेशी खिळ्यांनी मूळ धंदा बुडवल्यावर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याच गावाने काटे-चमचे करायला घेतले. धातूला झिलई देण्यात तेथील हात असा तयार झाला, की ॲपलच्या आयपॉडची आरशासारखी पाठ त्सुबामेच्या छोट्या कारखान्यांत चमकवली गेली. तरीही तांब्याची किटली मागे पडली नाही. पारंपरिक हस्तोद्योगांसाठी जपानने १९७४ साली कायदा केला आणि त्याखाली १९८१ साली त्सुबामेच्या तांबेकामाला मान्यता दिली. निष्णात कारागीर तेथे किटलीची तोटीसुद्धा वेगळी न जोडता त्याच पत्र्यातून काढतो.

यावरून पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आठवते. घंगाळ मठारताना हातोडीचे ठसे असे ओळीने पडतात, की बोट फिरवले तरी कोठे खंड लागत नाही. ठोकून कडक झालेले तांबे पुन्हा केव्हा तापवायचे, हे मुरलेल्या तांबटाला सांगावे लागत नाही. आमच्या शिकाऊ मुलांना हेच ‘वर्क हार्डनिंग’ फळ्यावर आकृती काढून शिकवावे लागे, आणि परीक्षेनंतर मुले ते विसरत.

चाकण-भोसरीच्या उद्योजक संघटनांनी आणि आयटीआयने शीट मेटलच्या विद्यार्थ्यांना निदान पंधरा दिवस या आळीत शिकायला पाठवावे, ही विनंती. त्याचे मानधन तांबटांना मिळावे. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेऊ नये.

– एक निवृत्त टूलरूम फोरमन, पुणे