घर विकायची घाई नको

मेसा, ॲरिझोना
मार्च २०२६

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, घराचा विषय फोनवर काही मार्गी लागायचा नाही. तुम्ही बोलायला लागलात की आई मधूनच फोन घेते, आई बोलायला लागली की इकडून तुमचा नातू माझ्या हातातला फोन ओढतो, आणि बिल्डरचं नाव निघालं की पुण्याहून बंड्या तावातावाने हिशेब मांडायला लागतो. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधले माझे शेरे गाळू नका.

तुम्ही विचारलं होतंत की फलटणचं घर देऊन टाकावं, सहा महिने बंड्याकडे नि सहा महिने माझ्याकडे राहावं, तर कसं? आणि मग हळूच म्हणालात, "तिकडं आम्हाला करमेल का गं?" घराबद्दल माझं उत्तर आहे, नको, निदान आत्ता तरी नको. करमण्याचं मात्र जरा विस्ताराने सांगायला लागेल. इथल्या म्हाताऱ्या माणसांकडे रोज बघून माझं जे मत झालंय, ते त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही.

इथे हिवाळ्यात उत्तरेकडून माणसांचे थवेच्या थवे येतात. त्यांना स्नोबर्ड म्हणतात. मिनेसोटा, आयोवा, डकोटा इथून आणि कॅनडातल्या अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा या भागांतून. बहुतेक साठीच्या पुढचे. ऑक्टोबर सरला की माझ्या क्लिनिकमध्ये सकाळपासून रांग लागते. कुणाचा खांदा, कुणाचा खुबा, कुणाची कंबर. एप्रिलअखेर निम्म्या अपॉइंटमेंटा रिकाम्या पडतात. त्यांच्याकडे जानेवारीत उणे तीस होतं, इथे दुपारी वीस अंश आणि लख्ख ऊन. रस्त्यावर परराज्यांतल्या नंबरप्लेटा वाढल्या की स्थानिक लोक कुरकुरतात, की आता हे हळूहळू गाड्या हाकणार आणि दुपारी चारलाच जेवायला बसून हॉटेलं अडवणार. मलाही कधीकधी वैताग येतो, पण माझा पगार त्यांच्याच खांद्यांवर चालतो.

परवा नातू क्लिनिकच्या पार्किंगमध्ये एका जुन्या पिकअपपाशी थांबला. गाडीच्या पुढच्या जाळीतून काळी वायर आणि तिला प्लग लोंबत होता. "आई, ही बॅटरीवरची गाडी आहे ना?" गाडी चांगली डिझेलची होती. मालक मागेच उभे होते, सस्कॅचेवानचे शेतकरी आजोबा. त्यांनी समजावलं की आमच्याकडे रात्री इंजिन गोठतं, म्हणून गाडीला रात्रभर विजेवर ऊब देऊन ठेवावी लागते, नाहीतर सकाळी ती जागची हलत नाही. नातवाचे डोळे एवढे झाले.

बाबा, हे आजोबा तुम्हाला फार आवडतील. गहू आणि मसूर पिकवतात. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर तुमच्याकडे यंदा मसुरीचं पीक कसं आहे! कॅनडातली बहुतेक मसूर सस्कॅचेवानमध्येच पिकते आणि भारत तिचं मोठं गिऱ्हाईक. तेव्हा आईच्या आमटीत कधीतरी त्यांचा माल शिजला असणार. शेती आता मुलगा बघतो. पण मे महिन्यात पेरणी असते, म्हणून एप्रिलमध्ये यांना परतायचंच असतं. मी म्हटलं, अजून महिनाभर राहिलात तर खांदा पूर्ण सुटेल. म्हणाले, "आणि पेरणी कोण करणार?" मुलाला करता येते हे त्यांनाही ठाऊक आहे.

आपल्याकडे दिवाळी झाली की धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी माणदेशाकडे परततात, तशीच ही माणसं. आपल्या रानात मेंढरं बसवायचात तेव्हा त्यांच्या म्होरक्याला तुम्ही एकदा विचारलं होतंत, कोकणात एवढं पाणी आहे तर तिकडेच का राहत नाही? तो नुसता हसला होता.

आता सुखाचं बोलू. बंड्याने मागे तुम्हाला पाठवलेली यादी आठवते? जगात सगळ्यांत सुखी देश कोणता, ती. त्यात २०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं फिनलंड पहिलं, जिथे हिवाळ्यात दिवस उगवला न उगवला तोच मावळतो. ही यादी करताना लोकांना एवढंच विचारतात, की शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, सगळ्यात वर तुमचं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तर आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? (आई म्हणेल, आधी शिडी कुणी धरलीय ते बघा.) गंमत म्हणजे याच सुखी फिनलंडमधले पेन्शनर थंडीत स्पेनच्या किनाऱ्यावर फुएनखिरोला नावाच्या गावी मुक्काम टाकतात. तिथे फिनिश शाळासुद्धा आहे.

मग हवेने माणूस सुखी होतो की नाही? १९९८ साली डॅनियल कानेमन आणि डेव्हिड श्केड या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. अमेरिकेच्या मधल्या थंड राज्यांतल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं, तुम्ही कितपत समाधानी? दोन्हीकडची मुलं सारखीच समाधानी निघाली. पण तुमच्यासारखाच मुलगा दुसरीकडे असता तर, असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियावाला जास्त सुखी असेल असं सांगितलं. लांबून बघताना आपल्याला फक्त ऊन दिसतं. तिथे राहणाऱ्याला ऊन असतंच, शिवाय भाडं, ट्रॅफिक आणि न बोलणारे शेजारीही असतात. तुम्ही माझ्या व्हिडिओत अंगणातलं संत्र्याचं झाड बघून "किती छान" म्हणता तेव्हा मला हेच आठवतं. झाड छानच आहे, सध्या मोहराने घमघमतंय. पण त्याच्याखाली बसायला दुपारी गल्लीत कुणी नसतं.

इथून तासाभरावर सन सिटी आहे. १ जानेवारी १९६० ला डेल वेब नावाच्या बिल्डरने ती खुली केली आणि पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसं घरं बघायला लोटली. केवळ वयस्कांची वसाहत. गोल गोल रस्ते, बाजारहाटसुद्धा गोल्फच्या छोट्या गाड्यांतून. १९ वर्षांखालच्या कुणाला तिथे कायमचं राहता येत नाही. एका पेशंटसोबत मी त्यांची सुतारकामाची कार्यशाळा बघून आले. बाबा, तुम्ही तिथून हलला नसतात. रंधे, करवती, लेथ, सगळं ओळीने, आणि ऐंशीचे आजोबा सत्तरच्या आजोबांना शिकाऊ पोरासारखे दटावतायत. आई मात्र तासाभरात म्हणाली असती, "पोरंटोरं नाहीत तर ही वस्ती आहे की दवाखाना?" मला दोघांचंही पटलं असतं.

पण मला खरं सुख दिसलं ते क्वार्टझाइटला. फिनिक्सच्या पश्चिमेला दोन तासांवरचं गाव, एरवी जेमतेम अडीच हजार वस्तीचं. हिवाळ्यात आजूबाजूच्या सरकारी वाळवंटात मोटारघरांचा समुद्र पसरतो. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांच्या मुक्कामाला सरकार २०२४-२५ मध्ये १८० डॉलर घ्यायचं. आपले पंधरा-सोळा हजार झाले. त्यात नळ नाही, वीज नाही. पाणी लांबून भरून आणायचं, सोलर पाटीवर दिवा लावायचा. गावात १९०२ साली वारलेल्या हाजी अलीची पिरॅमिडसारखी कबर आहे, वर पत्र्याचा उंट. अमेरिकन सैन्याने १८५० च्या दशकात वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्यासोबत आलेला हा उंटवाला. लोकांनी त्याचं नाव 'हाय जॉली' करून टाकलं.

जानेवारीत आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. शेजारी एक एकट्या बाई होत्या. गाडीसमोर हाताएवढे दगड मांडून त्यांनी अंगण आखलं होतं. कुंपण नाही, नुसती रेघ. पण लोक दगड ओलांडून यायचे नाहीत, फाटक म्हणून सोडलेल्या फटीतूनच आत यायचे. चारच्या सुमाराला जो तो आपली घडीची खुर्ची नि आपला पेला घेऊन निघाला. गोल करून बसले. बोलणं काय, तर कुणाची बॅटरी उतरली, कुणाचा कुत्रा आजारी, आणि दात कुणी कुठे करून घेतले. (ॲरिझोनातल्याच यूमा गावाजवळ सीमा पायी ओलांडली की मेक्सिकोचं लॉस अल्गोदोनेस लागतं, तिथे गल्लोगल्ली दातांचे दवाखाने. इथल्यापेक्षा बरेच स्वस्त, म्हणून निम्मे स्नोबर्ड कवळ्या तिथेच बसवतात.) एक खुर्ची आली नाही. पाच मिनिटांत त्या बाई उठल्या, तीन गाड्या पलीकडे जाऊन पत्र्यावर थापा मारल्या, "झोपलायस की मेलायस?" आतून शिवी आली, सगळे हसले, आणि म्हातारा खुर्ची ओढत आला.

बाबा, राममंदिराच्या पायरीवर तुम्ही सहा वाजता पोचला नाहीत तर काय होतं? मागच्या पावसाळ्यात तुम्हाला ताप आला तेव्हा मला बंड्याच्या आधी तुमच्या कट्ट्यावरच्या काकांचा फोन आला होता. इथे आमच्या गल्लीत मी आठवडाभर दिसले नाही तर एकच गोष्ट होईल, पार्सलं दारात साठतील.

दुसरी बाजूही बघते मी, उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये थवा परतल्यावर मागे राहतात ते तिकडचं घर विकून कायमचे आलेले. त्यांतले काही मजेत असतात, खोटं कशाला बोलू. पण मिनेसोटाच्या एक आजी आहेत, तळ्याकाठचं घर विकून नवऱ्यासोबत आल्या. नवरा गेला. आता मैत्रिणी एप्रिलमध्ये निघाल्या की त्या दाराच्या आत जातात ते ऑक्टोबरातच बाहेर येतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ४३ अंशांना, किंवा त्याच्या वर गेला होता. तुम्ही जूनमध्ये आला होतात तेव्हा एसीत बसून आई भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघायची, ते दिवस आठवा, आणि मग तेच कुणी बोलायला नसताना. त्या आजी परवा म्हणाल्या, माझी पाठ तिकडच्या थंडीत जास्त दुखायची, पण तिकडे ती कुणाला तरी सांगता यायची.

आणि व्यवहारही बघा. कॅनडाची माणसंसुद्धा तिकडचा पत्ता सोडत नाहीत, त्यांना ते परवडतही नाही. ऑन्टारिओवाल्यांना सरकारी आरोग्य विमा टिकवायला वर्षात १५३ दिवस घरी काढावे लागतात, म्हणून त्यांच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात फुल्या मारलेल्या असतात. तुमचं तर त्याहून अवघड. ग्रीन कार्ड काढलं तरी तुमच्या वयाला इथलं मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायला आधी सलग पाच वर्षं इथे काढावी लागतात. तोवर खासगी विमा, आणि पाहुण्यांच्या विम्यात आईची शुगर बहुधा धरतच नाहीत. शिवाय गाडी चालवता येत नसेल तर इथे दूध आणायलाही माझी वाट बघायची. बाबा, तुम्हाला सांगून ठेवते, तिसऱ्या आठवड्यात तुम्ही माझ्यावर चिडाल.

म्हणून माझं म्हणणं असं. घर ठेवा. बिल्डरला सांगा, पोरगी ऐकत नाही. मार्गशीर्षात रामाचा रथ झाला की निघा, होळीच्या आत परत जा. इथल्या हवेचं सोनं तेवढ्याच दिवसांत असतं. फलटणलाही तेव्हाच हवा छान असते हे मला कळतं, तेवढा त्याग माझ्यासाठी करा. एप्रिल-मे फारच तापला तर बंड्याकडे पुण्याला. आषाढात माउलींची पालखी फलटणला येते तेव्हा आई घरात नाही, हे तर शक्यच नाही. वारकऱ्यांना पिठलं-भाकरी कोण घालणार?

आणि आई, तू इथे स्वयंपाकाला येणार नाहीयेस. जावईबापूंनी पोळ्या लाटायचा सराव चालवलाय. सध्या नकाशे निघतायत, पण तू येईपर्यंत गोल होतील. सकाळी तुम्हा दोघांना कालव्याच्या काठाने फिरायला सोडेन, तिथे स्नोबर्ड मंडळी असतात आणि स्वतःहून बोलतात. इंग्रजीचा बाऊ करू नका. बाबा, मसुरीवाल्या आजोबांना मी तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय. तुमच्याकडे ठिबक कसं चालतं, असं त्यांनी विचारलंय. तुमच्या ठिबकचे दोन-चार फोटो काढून पाठवा. फोटो काढताना अंगठा मध्ये येऊ देऊ नका.

बंड्याला हे पत्र दाखवा, नाहीतर मी त्याच्या पाठीमागे ठरवलं असं म्हणेल. तिकिटं ऑगस्टमध्ये बघेन, पुढे महाग होतात. आईचे पासपोर्टचे फोटो नवीन लागतील. गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा, देवळात जाणं हा व्यायाम धरायचा नाही.

तुमची,
ताई