बाई, तुम्ही आधी आजीला विचारलंत

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये पोरगी पहिलीत गेली. पेढे घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "मी काय केलं? माझं कामच आहे ते." म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. अंगणवाडीचं नाव चारचौघांत निघतं ते खिचडीत काही सापडलं तर, नाहीतर संप झाला तर. गृहभेटीला येऊन तुम्ही काय करता, ते त्या त्या घरालाच ठाऊक.

पोरगी नऊ महिन्यांची होती. मी डाळिंबाच्या छाटणीला जायचे, ती दिवसभर सासूबाईंकडे. अंगावरचं दूध चालू होतं, सहा महिने पुरे झाल्यावर वरचं खाणंही सुरू केलेलं. तरी तुमच्या तक्त्यावर तिची रेघ आडवीच राहिली. वजन घटलं नव्हतं, पण वाढलंही नव्हतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावलीत तर ती पिवळ्यात, म्हणजे 11.5 आणि 12.5 सेंटिमीटरच्या मधे, मध्यम कुपोषणात. मला वाटलं, आता सगळ्या बायांदेखत ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "दिवसभर हिला भरवतं कोण?" आणि दुसऱ्या दिवशी भरदुपारी घरी आलात, सासूबाई एकट्या असतील अशी वेळ बघून.

पुढचं मला सासूबाईंनीच सांगितलं, आणि अजून सांगतात. आल्या आल्या तुम्ही वजनाचं नाव काढलं नाही. त्यांनी त्यांची पोरं कशी वाढवली, तेल कुठलं लावायच्या, गाणी कुठली म्हणायच्या, तेच विचारत बसलात. दोन गाणी तर लिहून घेतलीत, ती नंतर अंगणवाडीत पोरांच्या तोंडी ऐकू आली. मग म्हणालात, "आज काय भरवलंत, बघू." वाटीत वरच्या वर काढलेलं वरणाचं पाणी होतं. सासूबाईंचं म्हणणं, घट्ट दिलं की पोटात बसतं. तुम्ही वाद घातला नाहीत. चमचा भरला, तिरका केला, सगळं ओघळून गेलं. मग तळाची डाळ आणि भात हातानं कुस्करून पुन्हा चमचा तिरका केलात. या वेळी राहिलं. "एवढंसं पोट, आजी. पाण्यानंच भरलं तर जेवणाला जागा कुठं उरणार?"

बस. भाषण नाही, पुस्तिका नाही. जाताना सांगितलंत की पोरीची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. वर्षाची होईपर्यंत 250 मिलीची अर्धी वाटी, दिवसातून तीन-चारदा. वर्षानंतर हळूहळू पूर्ण वाटीपर्यंत. वरून तेल नाहीतर तूप चमचाभर. पुढचं डोकं सासूबाईंचं. शेवग्याचा पाला वाळवून डाळीत घातला, दाण्याचं बारीक कूट घातलं. अंगणवाडीतून मिळणाऱ्या आणि शेळ्यांपुढं जाणाऱ्या सुकडीच्या पाकिटांच्या वड्या व्हायला लागल्या. रेघ चढायला लागली, पट्टी हिरव्यात आली. आता वाडीत कुणाकडं बारसं असलं की सासूबाई तिथल्या आजीला चमचा तिरका करून दाखवतात. बारशाला कशाला म्हणावं, तर ऐकत नाहीत!

तुम्ही मला बोलला असतात तर मी घरी येऊन सासूबाईंना बोलले असते, आणि पोरगी वरणाच्या पाण्यावरच राहिली असती. पालक सभा म्हटलं की सगळीकडं आयांनाच बोलावतात, तेही सकाळी अकराला, ऐन कामाच्या वेळी. भरवणारी आजी आणि पैसे खर्च करणारा बाप, दोघंही तिथं नसतात.

बापांची सभा तुम्ही रात्री आठला मारुतीच्या देवळापुढं घेतलीत. थोडेच आले, त्यातलेही काही मधेच उठले. आमच्या ह्यांचा तेव्हा एकच प्रश्न असायचा, ए बी सी डी कधी शिकवणार? तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी दारात येत होती ना. तुम्ही पाटीत मूग, मटकी, हुलगे एकत्र करून त्यांच्याचपुढं ठेवलेत आणि निवडायला सांगितलंत. बोटांत ताकद आली, नजर बसली की पेन्सिल आपोआप धरता येते, हे त्यांना तिथं पटलं. वर एक काम दिलंत. पोरीला गाडीवर पुढं बसवता तेव्हा दिसेल त्याचं नाव सांगा, तिला विचारा आणि उत्तराची वाट बघा. अजून करतात. आता ती इतकी बोलते की हेच दमतात. तसली दुसरी सभा मात्र अजून झालेली नाही. ती घ्याच.

तुमच्या खोलीत बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघांचा फोटो आहे. 1945 साली ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि मुलं येईनात तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, हे तुमच्याकडूनच कळलं. सरकारची अंगणवाडीची योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 ला, तीस वर्षांनी.

आणि डिसेंबर 2023 चा संप. अंगणवाडीला कुलूप होतं, कट्ट्यावर कुरकुर चालू होती. सासूबाई तिथं जाऊन म्हणाल्या, "तिच्या हातात महिन्याला काय पडतं ते आधी विचारा, मग बोला." ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा तुम्हा लोकांना 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिळवावा लागला. हे तुम्ही कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मी लिहिते.

नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, सातवा लागलाय. सोमवारी नाव नोंदवायला आणतो, माता-बाल कार्ड तिच्याकडं आहे. सासूबाई बरोबर येणार आहेत, आणि जावईबापूंनाही रजा काढायला लावली आहे.

तुमची,
पहिलीतल्या त्या बडबड्या पोरीची आई