सहीची जागा कोरी आहे

कुडाळ

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. त्या स्टँडअप कॉमेडी करणाऱ्या पोराविरुद्ध पोलिसांत द्यायच्या तक्रारीचा कागद दोनदा वाचला. खाली माझ्या आणि बाबांच्या सहीसाठी सोडलेली जागाही पाहिली. फोनवर तू इतका चिडला होतास की मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटवी बांधताना तू कसा हरखून जातोस ते मी दरवर्षी पाहते, तेव्हा गणपतीच्या पोटावरच्या त्याच्या विनोदाने तुला लागलं यात खोटं काही नाही. पण सही मी करणार नाही.

आपल्या जत्रेतला संकासुर आठव. लहानपणी माझ्या मांडीवर झोपलेला तू फक्त त्याच्यासाठी जागा व्हायचास. पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळापुढेच धयकालो, म्हणजे आपलं दशावतारी नाटक, उभा राहतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, आणि मग काळ्या वेषातला तो वेद चोरणारा राक्षस. बाकीचे पुस्तकातली मराठी बोलतात, संकासुर आपली मालवणी बोलतो. भटजीची खोड काढतो, समोर बसलेल्या मानकऱ्यांना सोडत नाही. लिहून दिलेलं असं काही नसतं, तोंडाला येईल ते बोलतो. आणि हे सगळं देवाच्या दारात, समई तेवत असताना.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुझे आजोबा तेव्हा देवळाचा हिशोब बघायचे. त्या वर्षी संकासुर त्यांच्यासमोरच येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "देवाक इलेले नारळ देवळात कमी आणि मानकऱ्याच्या घरात जास्त, ह्या कसा काय?" अख्खी जत्रा हसली. मी बायकांच्या घोळक्यात बसले होते, मला रडू फुटलं. पहाटे कंदील घेऊन घरी येताना मी त्यांना विचारलं, तुम्ही उठून का नाही आलात? ते म्हणाले, "देव समोर बसलो हा. तो उठलो नाय, मगे मी कित्याक उठू?"

त्यांनी एक नारळ घरी आणला नव्हता हे मला माहीत आहे. पण हिशोब कधी गावापुढे वाचलाही नव्हता. पुढच्या वर्षापासून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी नारळ, तांदूळ, दक्षिणा असं सगळं मोजून ते मोठ्याने वाचून दाखवू लागले. संकासुराबद्दल घरात वाईट शब्द त्यांनी काढला नाही. मी मात्र दोन वर्षं त्या माणसाकडे बघितलं नाही.

तू म्हणशील, तो आपला माणूस होता आणि हा कुठला कोण. ते खरं आहे. सोंग उतरवून देवाच्या पाया पडणाऱ्या माणसाला आपण ओळखतो, फोनमधल्या पोराला ओळखत नाही. त्यात तू मला पाठवलास तो तुकडा अर्ध्या मिनिटाचा. म्हणून मी शेजारच्या मुलीला सांगून त्याचा पूर्ण तासाभराचा कार्यक्रम लावून घेतला. तो बोलतोय विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या दारूबद्दल, कान फोडणाऱ्या डीजेबद्दल. पोटावरचं ते वाक्य मधेच येतं, आणि ते गणपतीच्या तोंडी आहे, देवच मंडळवाल्यांना झापतोय. हे तुझ्या तुकड्यात नाही. त्याच कार्यक्रमात वटपौर्णिमेचा उपास करणाऱ्या बायकांवर त्याने जे म्हटलंय ते मला खूप लागलं. त्यात काही शहाणपण नव्हतं, नुसतं हिणवणं होतं. मी तिथे बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं पाहिलं. अजून आठवलं की राग येतो. राग यावा, त्याला ना नाही. त्याचं तिकीट काढू नकोस, तो वाईट बोलला असं चारचौघांत सांग. पोलीस कशाला?

मामाकडून कायदाही समजून घेतला. तुझ्या कागदावरचं भारतीय न्याय संहितेतलं २९९ कलम, धर्मभावना दुखावण्याचं, म्हणजे जुन्या दंडसंहितेतलं २९५ अ, इंग्रजांनी १९२७ साली घातलेलं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. त्याला नुसत्या दुखावण्यापलीकडे, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. मुनव्वर फारुकी या स्टँडअप कॉमेडियनला इंदूरमध्ये १ जानेवारी २०२१ ला पकडलं आणि जामीन मिळाला ५ फेब्रुवारीला, तोही सर्वोच्च न्यायालयातून. खटला उभा राहायच्या आधीच महिना तुरुंगात. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना काव्य, नाटक यांच्याबरोबर स्टँडअप कॉमेडीचंही नाव घेतलं, यांनी माणसाचं जगणं अर्थपूर्ण होतं म्हणून. ज्याच्यावर तू तक्रार करतोयस तो तुझ्याच वयाचा आहे, बाबू. त्याचीही आई असेल.

आता जे लिहिते ते लिहिताना जड जातंय. गेल्या रमजानमध्ये तू घरच्या ग्रुपवर रोजावरचा एक विनोद टाकला होतास, खाली हसण्याची चित्रं. ज्या चाचीच्या घरी ईदेला शिरखुर्मा पिऊन तू संध्याकाळपर्यंत परत यायचा नाहीस, तिच्या नातीने माझ्याच फोनवर तो पाहिला. ती काही बोलली नाही. फोन माझ्या हातात दिला आणि घरी गेली. त्या दिवशी मी तुला बोलायला हवं होतं, बोलले नाही, ती माझी चूक. तेव्हा तुला तो विनोद वाटला आणि आज हा अपमान वाटतो. दोन्ही एका मापाने मोजून बघ आणि मला खरं उत्तर दे.

तुझी आजी कौल मिळाला नाही तर देवाला अरे-तुरे करून भांडायची, "इतकी वर्सा सेवा केलंय ती ह्याच्यासाठी?" म्हणून गाभाऱ्यासमोर विचारायची. मग फुलं बदलून पुन्हा कौल लावायची. आपल्या घरात देव असा आहे.

कागद याच पाकिटातून परत पाठवते आहे. बाबांनीही सही केलेली नाही, त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. जत्रा पंधरा दिवसांवर आली. त्याआधी तो पूर्ण कार्यक्रम एकदा बघ, वटपौर्णिमेच्या भागासकट, आणि चाचीच्या नातीला फोन कर. नंबर माझ्याकडे आहे.

तुझी
आई