बांध कोरणाऱ्याला दंड करणारं गाव

मा. पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार मंत्री, लंडन यांस,
स. न. वि. वि.

आमच्याकडे भावकीत वैर यायला बांध कोरणं पुरतं. दर नांगरटीला वीतभर माती आपल्याकडे ओढायची, मग मोजणी, मग कोर्ट, आणि त्यात दोन पिढ्या जातात. म्हणून मला इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन या गावाचं अप्रूप. तिथल्या तीन मोठ्या शिवारांत पट्ट्यांना कुंपणच नाही. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक, असा फेरा. नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास कुळांचीच ज्युरी गव्हाच्या शिवारात उतरते, हद्दीला खुंट्या ठोकते, वाटेवर किंवा राखीव गवतावर कुणाचा नांगर चढलाय का ते बघते. आठवड्याभरानं ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये ‘कोर्ट लीट’ हे जहागिरीच्या काळापासूनचं गावकोर्ट बसतं आणि दंड होतो. (आमच्या तालुक्याला अशी सोय असती, तर तारखेला कुणीच गैरहजर राहिलं नसतं.)

हा पर्यटकांसाठीचा खेळ नव्हे. 1977 च्या कायद्यानं अशा बहुतेक जुन्या कोर्टांचे अधिकार गेले, लॅक्स्टनचे राहिले. आणि गाव गोठूनही बसलेलं नाही. 1635 च्या नकाशात दिसणारे चिंचोळे पट्टे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र करून रुंद केले, आज त्यांवर ट्रॅक्टर चालतो. काय सोडायचं नि काय धरायचं, हे कसणाऱ्यांना कळतं.

चिंता वेगळी आहे. 1952 मध्ये आपल्याच कृषी खात्यानं ही जमीन जपण्यासाठी विकत घेतली. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजघराण्याच्या नावावरची सार्वजनिक मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली, 2020 मध्ये पुन्हा खासगी थोर्सबी इस्टेटकडे. नव्या मालकांबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी गाव त्यांचंच होतं. पण सातबारा बदलला की कुळाच्या पोटात गोळा येतो, हे मला घरचं ठाऊक आहे. त्यात मार्च 2025 मध्ये शाश्वत शेतीच्या अनुदान योजनेचे नवे अर्ज एका संध्याकाळी बंद झाले. छोट्या कुळानं पुढच्या हंगामाचा हिशेब कशावर मांडायचा?

मागणं दोनच. पुढची योजना लिहिताना तीन शिवारं मिळून एक घटक धरा, अर्ज ज्युरीच्या संमतीनं घ्या. आणि मालक कुणीही असो, कुळांच्या मुलांना जमीन कसायला मिळेल, एवढं कायद्यात लिहा.

ज्युरीच्या दिवशी एकदा याच. गमबूट मात्र आणा, गव्हाच्या शिवारात तेव्हा घोट्याएवढा चिखल असतो.

आपला,
नॉटिंगहॅममधला एक मराठी रहिवासी