पुठ्ठ्यावर माझी पावलं आखणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

आज सकाळी अंथरुणातून उठले आणि भिंत न धरता मोरीपर्यंत चालत गेले. दोन वर्षांनी. चूल पेटवायच्या आधी मनात आलं, हे तुम्हाला कळायला हवं. नव्या पेठेतल्या तुमच्या बुटांच्या त्या अरुंद दुकानात आषाढीनंतरच्या आठवड्यात टॉवेल कारखान्यातली एक बाई आली होती, ती मी. तुम्ही माझं नाव विचारलं नव्हतं. काम विचारलं होतंत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी तपासणी आणि घडीला आहे. टॉवेल टेबलावर पसरायचा, डाग बघायचा, सुटलेले धागे कात्रीनं कापायचे, घडी घालून गठ्ठ्यावर ठेवायचा. हात चालतो, नजर चालते, पाय मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत शहाबादी फरशीवर एकाच जागी. आधी टाच दुखायला लागली. सकाळचं पहिलं पाऊल टेकवलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं, थोडं चाललं की कमी. मग संध्याकाळी घोटे सुजायला लागले.

डॉक्टरांकडे तीन वेळा गेले. तीन वेळा गोळ्या मिळाल्या. दिवसभर तुम्ही काय करता, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. कारखान्यात बसायला स्टूल मागितलं तर ‘बसून काम होतं होय?’ म्हणाले. माझ्या मुलीनं वाचून सांगितलं की उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानात उभ्या राहणाऱ्यांसाठीही तसा कायदा केला. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नव्हते.

चपलांच्या दुकानांचं तर काय सांगू! काचेचा दरवाजा असलेल्या एका दुकानात पोरानं माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘लेडीजमध्ये एवढा रुंद पंजा येत नाही.’ जसा काही माझा पायच चुकलाय. लहानपणी अनवाणी शेतात हिंडलेला पाय आहे तो, रुंदच असणार. दुसऱ्यानं साडीवर बूट शोभत नाहीत म्हणून सांगितलं आणि स्पंजासारखी मऊ सँडल गळ्यात मारली. दीड महिन्यात तिचा पापड झाला.

म्हणून तुमच्याकडे आले तेव्हा मी आधीच चिडलेली होते. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ, पैसे पदराच्या गाठीत. आणि तुम्ही म्हणालात, ‘आज नका घेऊ अक्का. आता पाय बसलेला हाय. उद्या पाळी सुटल्यावर या, सुजलेल्या पायाचं माप घेऊ.’ समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तोवर बघितला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला वाटलं टाळताय.

दुसऱ्या दिवशी साडेसात वाजले यायला. शटर अर्धं खाली होतं, आत दिवा चालू होता.

तुम्ही बुटाच्या खोक्याचं झाकण फाडून जमिनीवर ठेवलंत, मला त्यावर उभं केलंत. ‘बसून नको, वजन पडलं की पाय पसरतो.’ मग ‘पाय धरू का?’ असं विचारलंत आणि मी मान हलवेपर्यंत हात पुढे केला नाहीत. माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही. माझे तळवे भेगाळलेले, बोटांत टॉवेलाची लव अडकलेली. मी पाय मागे घेतला. तुम्ही काही बोलला नाहीत, पेन्सिल हातात धरून थांबलात. शेवटी मीच पाय पुढे केला. दोन्ही पावलं आखून झाल्यावर म्हणालात, ‘उजवा मोठा हाय तुमचा. बूट मोठ्या पायाचा घ्यायचा.’ बेचाळीस वर्षं हे पाय वागवतेय, मला ठाऊक नव्हतं.

मग पुरुषांच्या कपाटातून सहा नंबरचे काळे बूट काढलेत. आतला तळ बाहेर काढून माझ्या पावलाखाली ठेवलात, पाय कुठून बाहेर येतोय का बघायला. बूट मधे दुमडत नाही, बोटांपाशीच वाकतो, ते दाखवलंत. मऊ बूट हाताला बरा वाटतो, दिवसभर उभं राहणाऱ्याला नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. साडीबद्दल एक अक्षर नाही. ‘चालणाऱ्याचे पाय दमतात अक्का, उभं राहणाऱ्याचे सुजतात. मधनं मधनं टाचा उचलत जावा.’

पण मामा, माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट नंतरची. पैसे दिले, निघाले, तर तुम्ही हाक मारलीत आणि ते पुठ्ठं माझ्या हातात दिलंत. ‘हे न्या. पुढच्या वेळी कुठल्याबी दुकानात गेलात तरी बूट ह्याच्यावर ठेवून बघा. पाऊल बाहेर डोकावलं तर घेऊ नका.’ कुठल्याही दुकानात, असं म्हणालात. माझ्याकडेच या, असं नाही. सात रस्त्याला रिक्षात बसेपर्यंत मला रडू आवरलं नाही. इतक्या लोकांनी पायाकडे बघून तोंड वाकडं केलं, आणि तुम्ही त्याचं चित्र काढून, खाली ‘उभं काम’ असं लिहून माझ्या हवाली केलंत.

टाच अजून पूर्ण बरी नाही, दोन महिने झालेत फक्त. पण दुपारनंतर आता गठ्ठे मोजताना डोळ्यांत पाणी येत नाही. घरी आल्यावर मुलीशी बोलायला जीव उरतो. माणूस गोड बोलला म्हणजे चांगला, असं मी समजायचे. तुम्ही तर फार गोड बोलतही नाही. पण समोरच्याला खरोखर काय होतंय ते विचारता आणि उत्तर येईपर्यंत थांबता. असं थांबणारी माणसं मला आयुष्यात बोटावर मोजण्याइतकी भेटली.

पुठ्ठं देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्याला टांगलंय. टेबलावरच्या तिघीजणी येत्या शनिवारी माझ्याबरोबर तुमच्याकडे येणार आहेत. पाळी सुटल्यावरच आणते त्यांना. शटर थोडं वर ठेवा.

तुमची,
उजवा पाय मोठा असलेली अक्का