भुवया नसलेले घर

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

जुन्या पेठेतला वाडा पडून नवी इमारत उभी राहिली की आमच्या अमळनेरात ‘गावाची शोभा गेली’ अशी हळहळ हमखास ऐकू येते. अशा वेळी व्हिएन्नातील लोसहाऊस आठवते. हॉफबुर्ग राजवाड्यासमोरच्या चौकात वास्तुकार आडोल्फ लोस यांनी एका शिंप्यांच्या पेढीसाठी ही इमारत उभारली, तेव्हा वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर कसलेही नक्षीकाम नसल्याने लोकांनी तिला ‘भुवया नसलेले घर’ म्हणून हिणवले, आणि १९१० मध्ये नगरपालिकेने काम थांबवले. अखेर खिडक्यांखाली धातूच्या फुलकुंड्या बसवण्याच्या तडजोडीवर प्रकरण मिटले. (तोडगा अगदी आपल्याकडच्या सभेत निघावा तसाच!) आज तीच इमारत संरक्षित वारसा आहे.

मात्र तिचा दाखला देऊन कोणतेही बांधकाम खपवता येणार नाही. लोस यांनी नक्षी टाळली तरी खालच्या मजल्यांना अस्सल संगमरवर लावला, तर आमच्याकडे सागवानी खांब भंगारात विकून दर्शनी भागावर चकाकते पत्रे ठोकले जातात. माझा आक्षेप साधेपणाला नसून या पत्र्यांना आहे.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)